आधी पगाराची तारीख पाळा

कर्मचाऱ्यांच्या वाढत्या गळतीवरील आपल्या अंकातील लेख वाचला. ‘नव्या पिढीत निष्ठा उरलेली नाही’ हा त्यातील निष्कर्ष पटत नाही. ज्याच्या डोक्यात हप्ता आणि घरभाड्याचा हिशेब दिवसभर चालू असतो, त्याचे कामातले लक्ष उडणारच. थोड्या जास्त पगाराची नोकरी दिसताच तो जाणार, हेही ओघाने आलेच. ओडिशात पत्रावळी बनवणाऱ्या कामगारांबाबत अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. काही जणांना मजुरीचा मोठा भाग काही दिवस आधीच हातात दिला. नगावरचा दर तोच, काम तेच. तरीही त्यांचे उत्पादन सरासरी सुमारे ७ टक्क्यांनी वाढले, चुकाही घटल्या. अधिक गरीब कामगारांत तर हा फरक जास्तच ठळक होता. इथे निष्ठेचा प्रश्न येतोच कुठे? लेखात सुचवलेल्या प्रेरणा शिबिरांवर खर्च करण्याआधी व्यवस्थापनांनी पगाराची तारीख पाळावी. अडीअडचणीला बिनव्याजी उचल मिळावी, आणि तिच्यासाठी कोणाला चारचौघांदेखत साहेबांच्या टेबलासमोर हात जोडून उभे राहावे लागू नये.