कोड्याचं उत्तर त्याच पानावर छापू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं कोडं आमच्या गल्लीत मोठ्यानं वाचलं जातं. पण उत्तर त्याच पानाच्या तळाशी उलटं छापलेलं असतं, म्हणून हे पत्र. कोडं वाचून होतं न होतं तोच कुणीतरी पेपर उलटा धरतो आणि आकडा सांगून टाकतो. मग जमलेली माणसं उठून आपापल्या कामाला जातात.

उत्तर हाताशी नसलं की काय होतं, ते यंदा येळवशीला पाहिलं. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्या अक्कलकोट भागात गावच्या गाव रानात जेवायला असतं. ज्याला रान नाही त्याला शेजारी हाक मारून नेतो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबील पोटभर झाली आणि शेजारच्या अण्णांनी कोडं घातलं. कोडं जुनंच, पण त्यांनी ते आमच्या रानात आणून बसवलं. एका शेजाऱ्याकडे 5 कडक भाकऱ्या, दुसऱ्याकडे 3. तिसरा मोकळ्या हातानं आला. तिघांनी सारख्या वाटून खाल्ल्या. जाताना तिसऱ्यानं 8 डाळिंबं दिली. कुणाला किती?

पोरं म्हणाली, 5 आणि 3, त्यात काय! अण्णा नुसतं नाही म्हणाले आणि बैल जुंपायला उठले.

पुढचे चार दिवस गावात दुसरा विषय नव्हता. पिठाच्या गिरणीत तेच, एसटीच्या थांब्यावर तेच. बांधाच्या भांडणावरून दोन वर्षं एकमेकांशी न बोलणारे दोघे जण पारावर त्याच हिशेबावरून भांडले, आणि भांडता भांडता एकाच्या तंबाखूची चंची दुसऱ्याच्या हातात गेली. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

शेवटी सातवीतल्या एका मुलीनं ओट्यावर 24 शेंगदाणे मांडले. एका भाकरीचे तीन तुकडे धरले तर 8 भाकऱ्यांचे 24, म्हणजे प्रत्येकानं 8 खाल्ले. पाचवाल्याचे 15 तुकडे, त्यातले 8 त्यानंच खाल्ले, 7 पाहुण्याला गेले. तीनवाल्याचे 9, त्यातला पाहुण्याला गेला एकच. म्हणून डाळिंबं 7 आणि 1.

अण्णांनी मान डोलावली. पण समोरच्या अक्कांना ते पटलं नाही. जन्मभर भाकऱ्या थापलेली बाई ती. म्हणाल्या, "कडक भाकरीचे तीन सारखे तुकडे करून दाखव आधी. मोडली की निम्मी चुरा होऊन ताटात पडती. आन् शेजाऱ्यानं दिलेलं असं मोजून घेत्यात व्हय? चार-चार घ्यायचं." हिशेब मुलीचाच बरोबर आहे, पण आमच्या गल्लीत खरोखर डाळिंबं आली तर ती अक्कांच्याच हातानं वाटली जातील, याची मला खात्री आहे.

एका कोड्यात एवढं सगळं घडलं, कारण चार दिवस उत्तर कुणाच्या हाती नव्हतं. तेव्हा कळकळीची विनंती, कोडं या रविवारी आणि उत्तर पुढच्या रविवारी छापावं. आणि अधूनमधून आमच्या रानातलं, बाजारातलं कोडंही घ्यावं.

एक इथंच देतो. आंबिलीचं 8 लिटरचं मडकं काठोकाठ भरलेलं आहे. शेजारी दोन रिकाम्या बिंदग्या, एक 5 लिटरची, एक 3 लिटरची. दुसरं माप नाही. दोन घरांना न सांडता बरोबर 4-4 लिटर आंबील द्यायची आहे. कशी देणार?

उत्तर वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात घातलं आहे. ते कृपया पुढच्या रविवारीच छापावं.

आपला,
एक नियमित वाचक
ता. अक्कलकोट, जि. सोलापूर