हाताने चालवायच्या पीठचाळणीची जाळी सपाट आणि सुटी असावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विजेवर चालणाऱ्या घरगुती यंत्रांच्या गुणदोषांची चर्चा वर्तमानपत्रांतून वेळोवेळी होत असते. हाताने चालवायच्या साधनांच्या वाट्याला ती क्वचितच येते. त्यातही पीठ चाळण्याचे साधन म्हणजे एक डबा आणि एक जाळी, त्यात विचार करण्यासारखे ते काय, असाच बहुतेकांचा समज असतो. पत्र्याच्या आणि तारेच्या वस्तूंच्या रचनेत बराच काळ लक्ष घालत आल्यामुळे माझे मत याच्या अगदी उलट झाले आहे. दांडा फिरवून किंवा मूठ दाबून चालणाऱ्या ज्या चाळण्या सर्रास बनवल्या जातात, त्यांपैकी बहुतेकींमध्ये जाळी डब्याच्या तळाशी कायमची दाबून बसवलेली असते, आणि माझ्या मते त्यांच्या जवळजवळ सगळ्या उणिवांचे मूळ तिथेच आहे. जाळी सपाट आणि सुटी केली, तर बऱ्याच अडचणी मुळातूनच दूर होतात. तेच सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चाळण्याची क्रिया नेमकी कशी घडते, हे आधी पाहायला हवे. कण भोकापेक्षा लहान असला म्हणजे तो खाली जातोच, असे नाही. तो भोकासमोर यावा लागतो आणि तारेला न अडता पार व्हावा लागतो. तो सरळ खाली पडतो असे धरले, तर एका वेळी पार होण्याची शक्यता साध्या भूमितीने काढता येते. भोकाच्या रुंदीतून कणाचा व्यास वजा करायचा, आलेल्या संख्येला भोक आणि तार यांच्या एकत्रित रुंदीने भागायचे आणि उत्तराचा वर्ग करायचा. भोक ०.८५ मि.मी. आणि तार ०.४२ मि.मी. जाडीची असेल, तर ०.२ मि.मी.चा कण चार वेळांतून साधारण एकदा पार होतो, पण ०.७ मि.मी.चा कण सत्तर वेळांतून जेमतेम एकदा. दोन्ही कण भोकापेक्षा लहान असूनही त्यांच्यात एवढा फरक पडतो. म्हणूनच पीठ जाळीवर कितीही दाबले तरी चाळणे सुधारत नाही. ते सतत हलते ठेवून प्रत्येक कणाला भोकासमोर येण्याची पुन्हा पुन्हा संधी द्यावी लागते. दोन्ही हातांनी धरून आडवी हलवायची साधी गोल चाळणी आजही इतके चोख काम करते, ते याच कारणाने. तिची अडचण एवढीच की तिला दोन्ही हात लागतात आणि पीठ आजूबाजूला सांडते.

फिरत्या दांड्याच्या चाळणीत हे हलवण्याचे काम आत फिरणाऱ्या तारेच्या कड्या करतात, आणि इथेच रचनाकारांची गल्लत होते. कड्या जाळीला जितक्या घट्ट घासतील तितके चांगले, असे गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात घट्ट घासणारी कडी कोंड्याचे तुकडे आणि गुठळ्या भोकांतून रेटून खाली पाठवते, म्हणजे जे वर राहायला हवे तेच पिठात मिसळते. शिवाय धातू धातूवर घासत राहिला की जाळीची तार झिजते आणि शेवटी तुटते. तारेचा तो बारीक तुकडा पिठात पडला तर दिसतही नाही. फिरत्या पात्याचे खरे काम जाळीवरची पिठाची कमान मोडण्याचे आहे. पीठ ओलसर किंवा दाबलेले असले की त्याचे कण एकमेकांना धरून भोकांवर पूल बांधतात आणि वरचे सगळे पीठ अडून राहते. हा पूल मोडायला फार जोर लागत नाही. खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या सिलिकोनची मऊ कड असलेले, जाळीला जेमतेम टेकणारे पाते त्यासाठी पुरते.

पाते मऊ ठेवले की भोकांत अडकलेल्या कणांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. भोकाच्या आकाराच्या जवळपास असलेले कण भोकात रुतून बसतात आणि जाळी हळूहळू बुजत जाते. हाताने चाळताना आपण चाळणीला मधूनमधून टिचकी मारतो, ती याचसाठी. फिरत्या आसावर एक लहानसा उंचवटा ठेवून दर फेऱ्याला जाळीभोवतीच्या गोल चौकटीला, म्हणजे कड्याला, हलका ठोका बसेल अशी व्यवस्था करणे अवघड नाही. जाळी डब्याला पक्की जोडलेली असेल, तर हा ठोका सगळ्या डब्यात विरून जातो आणि जाळीपर्यंत फारसा पोहोचत नाही. कडे सुटे असेल, तर तो थेट जाळीला बसतो.

आता जाळीच्या आकाराविषयी. आडव्या आसावर कड्या फिरवायच्या म्हणून तळाची जाळी वाडग्यासारखी खोलगट दाबली जाते. विणलेली तार दाबाखाली ताणली आणि तिरकी केली जाते, त्यामुळे मध्यभागी चौकोनी असलेली भोके कडेकडे सरकताना शंकरपाळ्यासारखी तिरपी आणि अरुंद होतात. एखादी खोलगट जाळी उजेडासमोर धरून पाहिली, तर हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. अशा जाळीला अमुक मापाची म्हणण्यात फारसा अर्थ राहत नाही. भरीला भर म्हणजे वाडग्याचा काठ आणि डब्याची भिंत जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात कडी पोहोचत नाही, आणि दर वेळी थोडे पीठ तिथेच साचते. सपाट जाळी वापरायची, तर पाते उभ्या आसावर फिरवावे लागेल आणि बाजूच्या दांड्याची गती वळवण्यासाठी तिरक्या दात्यांची दोन चाके लागतील. त्यामुळे दोन सुटे भाग वाढतात हे खरे, आणि ती चाके पिठापासून झाकून ठेवावी लागतात हेही खरे. तरीही हा खर्च करण्यासारखा आहे. सपाट जाळीची भोके सगळीकडे सारखी राहतात, ती कोणत्याही कारागिराला कात्रीने कापून कड्यात बसवता येते आणि खराब झाली तर डबा फेकून द्यावा लागत नाही.

जाळी सुटी झाली की तिचे माप सांगण्याची जबाबदारीही येते. विक्रीच्या खोक्यावर बहुधा नुसते ‘बारीक जाळी’ असे छापलेले असते, फार तर मेशचा आकडा असतो. मेश म्हणजे एका इंचात किती भोके, एवढेच. २० मेशच्या जाळीत एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंतचे अंतर १.२७ मि.मी. असते, पण त्यातले किती अंतर तारेने खाल्ले आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तार ०.४२ मि.मी. असेल तर भोक ०.८५ मि.मी. उरते. तार ०.२५ मि.मी. असेल तर भोक १.०२ मि.मी. होते. पहिल्या जाळीत सुमारे ४५ टक्के जागा मोकळी असते, दुसरीत सुमारे ६४ टक्के. दोन्ही जाळ्यांवर शिक्का मात्र २० मेशचाच. पहिली चिवट पण सावकाश, दुसरी झपाट्याने चाळणारी पण नाजूक, आणि विकत घेणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. भोकाची रुंदी आणि तारेची जाडी मिलिमीटरमध्ये कड्यावर कोरायला उत्पादकाला कितीसे कष्ट पडणार आहेत?

एकच जाळी सगळ्या कामांना पुरत नाही, हेही याच ओघात सांगायला हवे. गव्हाच्या पिठासाठी असलेल्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ९८ टक्के किंवा त्याहून अधिक पीठ २१२ मायक्रॉनच्या, म्हणजे सुमारे ०.२१ मि.मी.च्या चाळणीतून जायला हवे. अशा पिठासाठी ०.८५ मि.मी.ची जाळी गुठळ्या फोडते, पीठ मोकळे करते आणि काही पडले असेल ते वर अडवते. पिठातून ती वेगळे असे काही काढत नाही, कारण काढण्यासारखे त्यात उरलेलेच नसते. जाडसर दळलेल्या, कोंड्यासकटच्या पिठातून कोंडा वेगळा करायचा असेल, तर ०.५ ते ०.६ मि.मी.ची जाळी लागते. एका डब्यासोबत अशी दोन कडी दिली, तर दोन्ही कामे नीट होतील. याउलट एकाखाली एक तीन जाळ्या कायमच्या बसवलेल्या चाळण्या ‘तिप्पट बारीक’ म्हणून विकल्या जातात. तिन्ही जाळ्या एकाच मापाच्या असतील, तर पीठ तिप्पट बारीक होण्याचा प्रश्नच येत नाही, आणि मधल्या दोन कप्प्यांत अडकलेले पीठ काढायला बोटही शिरत नाही. ही रचना मला सरळसरळ चुकीची वाटते.

आता हाताविषयी. मूठ दाबून चालणाऱ्या चाळणीत प्रत्येक वेळी स्प्रिंगविरुद्ध जोर लावावा लागतो आणि तेच ते स्नायू सतत आकुंचन पावत राहतात. बोटांचे सांधे दुखणाऱ्या माणसाला हे साधन थोड्याच वेळात नकोसे होते. सांधेदुखी असलेल्या हातांचा विचार केल्याने साधन सगळ्यांसाठीच किती सुधारते, याचे एक उदाहरण नोंदलेले आहे. अमेरिकेत सॅम फार्बर यांनी १९९० मध्ये ऑक्सो ही कंपनी सुरू केली, ती संधिवात असलेल्या आपल्या पत्नीला साल काढण्याचे साधन धरायला त्रास होतो हे पाहून. त्या साधनांच्या जाड, मऊ मुठी पुढे निरोगी हातांनीही आनंदाने स्वीकारल्या. चाळणीच्या बाबतीत एवढे तरी व्हावे, की डब्याची मूठ ३ ते ४ सेंटिमीटर जाडीची असावी आणि फिरवायच्या दांड्याच्या टोकाची मूठ आपल्या खिळीवर मोकळी फिरावी. ती पक्की असली तर दर फेऱ्याला तळहातावर घासते आणि कातडी सोलवटते. दांडा डाव्या किंवा उजव्या, कोणत्याही बाजूला लावता यावा, कारण डावखुऱ्या माणसाला आज उलट्या हाताने चाळावे लागते.

याहून मोठा भार मात्र चाळणी हवेत धरून ठेवण्याचा असतो. अर्धा किलो पीठ, अधिक डब्याचे वजन, एका मनगटावर तोलायचे आणि दुसऱ्या हाताने दांडा फिरवायचा, ही अपेक्षाच अवास्तव आहे. डब्याच्या खालच्या कडेला बाहेर येणारे तीन टेके दिले, तर चाळणी परातीच्या किंवा पातेल्याच्या काठावर बसते आणि हाताला फक्त फिरवायचेच काम उरते. डबा उंच आणि अरुंद ठेवण्याऐवजी पसरट ठेवावा. अर्धा किलो मोकळे पीठ साधारण एक लिटर जागा घेते. १२ सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात त्याचा थर जवळजवळ ९ सेंटिमीटर होतो, १६ सेंटिमीटरच्या डब्यात ५ सेंटिमीटर. थर जितका कमी, तितका दांडा हलका फिरतो आणि जाळीला टेकणारे पीठ तितके वाढते. झाकण हवेच, कारण उडणारे बारीक पीठ नाकात जाते, आणि पिठाच्या धुळीने बेकरी कामगारांना दम्याचा आजार जडतो हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. घरात प्रमाण कमी असले, तरी ज्याला त्रास होतो त्याला तो होतोच.

सर्वांत जास्त काळजी मला स्वच्छतेची वाटते. पत्र्याची कड हाताला लागू नये म्हणून ती आत गुंडाळतात, आणि जाळी याच गुंडाळीत दाबून बसवतात. त्या पोकळीत शिरलेले पीठ ना ब्रशने निघते ना पाण्याने. पिठातला तांबडा किडा, म्हणजे शास्त्रज्ञांचा ट्रायबोलियम, पूर्ण वाढला तरी जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीचा असतो आणि उबदार हवेत अंड्यापासून किड्यापर्यंतची त्याची वाढ साधारण महिनाभरात पुरी होते. गुंडाळीतले चिमूटभर पीठ त्याला पुरेसे आहे. पुढच्या वेळी स्वच्छ पीठ त्याच चाळणीतून गेले, की किडे काढण्यासाठी घेतलेले साधनच त्यांना पिठात सोडते. बरे, ही कड धुवावी, तर पाणी आत शिरते, पिठाची खळ होऊन वाळते आणि साध्या पत्र्याला गंजही चढतो. जाळीचे कडे पाव वळसा देऊन सुटे करता आले, आणि कडेची गुंडाळी पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडी ठेवली, तर हा प्रश्न राहत नाही. धुणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावे. जाळी आधी कोरड्या ब्रशने झाडावी आणि मग गार पाण्याने धुवावी. गव्हाच्या पिठातला स्टार्च साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास फुगून चिकट होतो, त्यामुळे कढत पाण्याने भोके मोकळी होण्याऐवजी बुजतात.

जाळी आणि डबा ३०४ दर्जाच्या, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या स्टेनलेस स्टीलचा असावा. प्लॅस्टिकचा डबा हलका असतो, पण कोरड्या हवेत घर्षणाने त्यावर विद्युत्भार साठतो आणि पीठ भिंतींना चिकटून बसते.

उत्पादकांना आणि रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या वर्तमानपत्राद्वारे माझी एक विनंती आहे. नवी चाळणी बाजारात आणण्यापूर्वी तिची एक साधी परीक्षा घ्यावी. अर्धा किलो पीठ वजन करून डब्यात घालावे, ठरावीक वेगाने एक मिनिट दांडा फिरवावा, आणि खाली किती पडले, जाळीवर किती राहिले, कोपऱ्यांत आणि कडेत किती अडकले, हे वेगवेगळे तोलावे. त्यानंतर चाळणी खोलून, धुऊन, वाळवून पुन्हा जोडायला किती वेळ लागतो तेही मोजावे. ही परीक्षा रचनाकाराने स्वतः न देता वयस्कर आणि डावखुऱ्या माणसांच्या हाती चाळणी देऊन घ्यावी. येणारे आकडे खोक्यावर छापावेत आणि जाळीची कडी सुटा भाग म्हणून वेगळी विकायला ठेवावीत.

आपला विश्वासू,
एक वाचक