नाशिकहून आल्यावर

कोल्हापूर,
१८ मे

प्रिय संतू,

परवा रात्री नाशिकहून परतलो. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय.

पहाटे चारला घर सोडलं. पुण्यापर्यंतचा रस्ता तुला पाठच आहे. पुढं नारायणगाव, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, सिन्नर. गंगापूर धरणावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गोदावरीवरचं हे मातीचं धरण १९६५ साली पूर्ण झालं. राधानगरीसारखी दाट झाडी इथं नाही. पाणी आत हटलेलं, भेगाळलेला गाळ उघडा पडलेला, आणि त्याच्या वरच्या अंगाला वाईनच्या द्राक्षांचे मळे.

पोरगी घड शोधत ओळीओळीनं फिरली. एकही नाही! काढणी जानेवारी ते मार्चमध्येच उरकते. तेव्हा रात्री गार असतात, त्यामुळं रसातला आंबटपणा टिकतो. ही द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. रंग सालीत असतो, म्हणून लाल वाईन सालीसकट आंबवतात. पांढरीचा रस आधीच पिळून घेतात. तुझ्या वहिनीनं शेनिन ब्लँक नावाची पांढरी वाईन चाखली, तिला पिकल्या पेरूचा वास आला म्हणे. मला गाडी चालवायची होती.

पण पत्र लिहितोय ते दुसऱ्याच कारणानं. तिथल्या मळ्यातल्या माणसानं एक कोवळी काडी धरून तिच्यावरचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, दाखवला आणि म्हणाला, "पुढच्या हंगामाचा घड आत्ता ह्याच्यात धरतोय." मी तिथंच थांबलो. सातवीच्या सुट्टीत तासगावला तुमच्या मांडवाखाली मी द्राक्षं नाहीत म्हणून रुसलो होतो, तेव्हा तुझे आबा हेच म्हणाले होते. मला वाटलं होतं, पोराची समजूत काढतायत. एप्रिलची खरड छाटणी झाली की नव्या फुटीवर डोळे तयार होतात, ह्या उन्हातच त्यांच्यात घड बनतो आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाहेर पडतो. आबांचं बोलणं कळायला मला तीस वर्षं लागली, संतू.

म्हणून सांगतो, बाग काढायची घाई करू नकोस. आबा गेल्यापासून तू एकटा खर्च ओढतोयस, बागेच्या औषधांची बिलं मी पाहिलीत. ऊस लावला तर डोक्याचा ताप कमी होईल हेही मला पटतं. पण यंदाची खरड छाटणी तू केली आहेस. म्हणजे जे धरायचं ते डोळ्यात धरलं असेल. ऑक्टोबरच्या आधी काडी तपासून घे, सूक्ष्मदर्शकाखाली घड दिसतो. नाही दिसला तर मी स्वतः येऊन तुझ्याबरोबर मांडव उतरवीन.

जूनच्या पहिल्या रविवारी तासगावला येतोय. पोरगीला आबांचा मांडव दाखवायचाय. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विन्या