डोळ्याच्या आतला संसर्ग थेंबांनी हटत नाही

महोदय,

डोळे येणे आणि डोळ्याच्या आत संसर्ग होणे यांत सर्रास गल्लत होते. पहिला त्रास बाहेरच्या पातळ आवरणाचा, बहुधा आपोआप ओसरणारा. दुसऱ्यात, म्हणजे एन्डॉफ्थॅल्मायटिसमध्ये, जंतू डोळ्याच्या पोकळीतल्या जेलीसारख्या द्रवात वाढतात आणि एक-दोन दिवसांतही दृष्टिपटल निकामी करू शकतात.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हे क्वचितच घडते; घडलेच तर बहुतेकदा पहिल्या आठवड्यात. नजर पुन्हा धूसर होते, डोळा लाल होतो, पापणी सुजते. ठणका मात्र साधारण चारातल्या एका रुग्णाला नसतोच. त्यामुळे ‘दुखत नाही ना, मग उद्या बघू’ हे भलतेच महागात पडते.

थेंब आणि गोळ्यांतले औषध आत पुरेसे पोहोचत नाही. ते सुईने थेट डोळ्याच्या आतच द्यावे लागते; दोन प्रतिजैविके: व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमध्ये. सिरिंज वेगवेगळ्या, कारण दोन्ही एकत्र झाली की साका धरतो. आधी आतल्या द्रवाचा नमुना घेतात, पण अहवालासाठी इंजेक्शन थांबवत नाहीत. रुग्णाला फक्त उजेड कळत असेल, तर विट्रेक्टॉमी ही शस्त्रक्रिया करून तो द्रवच काढणे हिताचे, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले.

काडी किंवा काटा डोळ्यात घुसला असेल तर बुरशीचीही शंका घ्यावी. तिथे घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब घालणे म्हणजे आगीत तेल!

– एक नेत्रतज्ज्ञ