पाणी प्यालेली केबल आणि देवघरातली माळ

प्रिय काका,

नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंय म्हणून घालत नाही. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरें बरें, आता अँटेनाचं सांग" म्हणून विषयच बदलता, मागच्या खेपेला मी देव बरें करूं म्हटलं तर फोनच ठेवलात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, इथे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

वर्षभरापूर्वी माझं हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसचं, लायसन्स आलं. रिस्ट्रिक्टेड ग्रेड, म्हणजे मोर्सची (टिकटिक करून पाठवायच्या सांकेतिक लिपीची) परीक्षा न देता मिळतं ते, कॉलसाइन, म्हणजे हवेतलं माझं नाव, व्हीयू-३ ने सुरू होणारा. तो कागद हातात आल्यावर माझं डोकं जे फिरलं त्याला तुम्ही साक्षीदार आहात. लाखाच्या वरचा शंभर वॅटचा रेडिओ मी जवळजवळ ठरवून टाकला होता, पुढेमागे अँप्लिफायर पण घेऊ असं मनात होतं, आणि अँटेनासाठी बजेट किती तर उरलेसुरले दोन हजार. कुणीतरी तुमचा नंबर दिला, म्हणाला वास्कोला एक काका आहेत, जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, १९९९ ला जहाजांवरचं मोर्स बंद होईपर्यंत त्यावरच पोट होतं त्यांचं. मी फोन करून पंधरा मिनिटं रेडिओचे फीचर्स सांगत बसलो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "तुझ्या लायसन्सात शॉर्टवेव्हला वॅट किती लिहिलेत रे?" पन्नास. मग बाकीच्या पन्नासांचं काय लोणचं घालणार?

पुढच्या रविवारी तुम्ही फोंड्याला आलात ते बसने, खांद्याला झोळी, आणि झोळीत तो बिटएक्स, छोटा रेडिओ. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या डिझाइनचा बोर्ड, चाळीस मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा), सात वॅटचा, तुम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला. आईला वाटलं तुम्ही खाऊ आणलाय. "हा महिनाभर ठेव, मोठा घ्यायचा की नाही ते मागीर बघू." महिन्याचं वर्ष झालं काका, तो डबा अजून माझ्या टेबलावर आहे, आणि हो, मला आठवण आहे.

अँटेनाचा दिवस तर मी विसरणारच नाही. घराच्या मागच्या दोन माडांमधलं अंतर तुम्ही टेपने मोजायला लावलंत, सत्तावीस मीटर. मी आधीच सूत्राप्रमाणे १४३ भागिले फ्रीक्वेन्सी ७.१ मेगाहर्ट्झ करून वीस मीटर चौदा सेंटीमीटर वायर कापायला बसलो होतो, तुम्ही माझा हात धरून म्हणालात एकवीस काप, कापलेली वायर वाढत नाही. वर चढवल्यावर नॅनोव्हीएनएवर, म्हणजे अँटेना मोजायच्या छोट्या मीटरवर, डिप (अँटेना जिथे जुळते तो खड्डा) आली ६.८ च्या आसपास, तेव्हा मला वाटलं आता झालं, चुकलं. मग दोन्ही टोकांना थोडी थोडी वायर मागे दुमडून पिळायची, परत वर, परत मोज, असं पाच वेळा, शेवटी एका बाजूला साधारण त्रेचाळीस सेंटीमीटर दुमडल्यावर डिप ७.१ वर येऊन बसली. आणि पाचही वेळा नारळ पाडणारा पाडेली माडावर चढला नाही, तो एकदाच चढला, कारण तुम्ही त्याच्याकडून एका माडावर पुली बांधून घेतली होतीत. दुसरं टोक पक्कं, या टोकाची दोरी पुलीवरून खाली आणि तिला पाच-सहा किलोचा चिऱ्याचा तुकडा लटकवलेला. मला ते जरा गावठी वाटलं होतं. पावसाळ्यात माड कसे झुलतात ते बघितल्यावर कळलं, दोन्हीकडे घट्ट बांधली असती तर पहिल्याच वादळात वायर तुटली असती. आता माड वाकला की चिरा वर जातो, माड सरळ झाला की खाली येतो. आमचं मांजर त्याच्याकडे बघत बसतं. एकदा तर माडाचं अख्खं चुडत (झावळी) पडलं वायरवर, चिरा फूटभर वर गेला, चुडत घसरून खाली पडलं, चिरा परत जागेवर.

आणि नऊ-दहा मीटरच उंची म्हणून मी कुरकुर करत होतो तेव्हा तुम्ही कागदावर काढून दाखवलंत की चाळीस मीटरला एवढ्या उंचीवरचा डायपोल, म्हणजे आपली ही आडवी वायर, बराचसा सिग्नल सरळ वर फेकतो, तो वर आयनोस्फिअरला आपटून परत आजूबाजूच्या चार-पाचशे किलोमीटरवर पडतो, म्हणजे दिवसा पुणं, कोल्हापूर, बेंगळुरू हातातले. युरोपचं नंतर बघ. सात वॅटवर कोल्हापूरच्या एका स्टेशनने माझा कॉलसाइन परत म्हणून दाखवला तेव्हा मी माईक हातात धरून उत्तर द्यायलाच विसरलो. तुम्ही बाजूला बसून सोलकढी पीत होतात.

आता माळेची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण आमच्या घरात तुम्ही त्याच गोष्टीमुळे ओळखले जाता.

चतुर्थीनंतर मी तुम्हाला रडत फोन केला की रात्री काही म्हणजे काही ऐकू येत नाही, एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) नाइनवर चिकटलाय, रेडिओ गेला वाटतं. तुम्ही म्हणालात रेडिओ स्पीकरवर ठेव आणि फोन जवळ धर. ऐकलंत. "हो आवाज आकाशातल्या विजेचो न्हय, घरातलो." मग डायल हळूहळू फिरवायला लावलंत आणि विचारलंत की घरघर सगळीकडे सारखी आहे की मधेमधे वाढते. मधेमधे वाढत होती, साधारण दर पासष्ट किलोहर्ट्झला एक उंचवटा. तेवढ्यावरून तुम्ही ओळखलंत की कुठल्यातरी स्विचिंग अडॅप्टरचं काम आहे. कुठला, ते आल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि तुम्ही आलात पण, तेसुद्धा रात्री, कारण घरघर रात्रीची होती.

बिटएक्स माझ्या स्कूटरच्या बॅटरीवर लावला आणि तुम्ही सरळ घराचा मेन स्विच पाडलात. आई आतून ओरडली, भात कुकरमध्ये होता, इलेक्ट्रिक कुकर. पण काका, त्या अंधारात घरघर एकदम थांबली आणि मागे कुणीतरी लांबचा माणूस मोर्स वाजवत होता तो स्वच्छ ऐकू आला, आणि तुम्ही पुटपुटत त्याचा मजकूर वाचत होतात, ते मी कधी विसरणार नाही. मग एकेक एमसीबी वर. किचन, शांत. बेडरूम, शांत, कुकर चालू झाला तेव्हा आईही शांत. सोप्याचा आणि देवघराचा वर केला आणि मीटर धाडकन नाइनवर. राउटर काढला, काही नाही. सेट-टॉप बॉक्स काढला, काही नाही. उरली चतुर्थीत आणलेली एलईडीची माळ, जी आईने देवघरात कायमची लावून टाकली होती. प्लग काढला आणि मीटर आला फोरवर. पाच एस-युनिट, एकेक सहा डेसिबलचं धरलं तर तीस डेसिबल, म्हणजे पॉवरच्या हिशेबात हजारपट. दीडशे रुपयांच्या अडॅप्टरने माझा आख्खा बँड खाल्ला होता आणि मी नवीन रेडिओ घ्यायला निघालो होतो!

मी लगेच म्हटलं, आई, ही माळ आजपासून बंद. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी गप्प. माळ आईची, घर आईचं, रेडिओ माझा, तर अडचण कुणी सोडवायची? माळ्यावरून जुन्या कॅसेट प्लेयरचा विटेएवढा जड अडॅप्टर शोधून काढायला लावलात, आत साधा ट्रान्सफॉर्मर असलेला. मी तो तसाच लावणार होतो, त्यावर बारा व्होल्ट लिहिलं होतं, माळपण बारा व्होल्टची. तुम्ही आधी मल्टिमीटर लावलात, रिकामा असताना सोळा दाखवत होता. मला धडकी भरली. माळ जोडून परत मोजलं, १२.४. "ह्या जुन्यांचं असंच, काम दिलं की ताळ्यावर येतात" हे तुम्ही अडॅप्टरबद्दल म्हणालात की स्वतःबद्दल ते माहीत नाही. माळ लागली, देव उजळले, मीटर फोरवरच. आईने तुम्हाला त्या रात्री जेवल्याशिवाय सोडलं नाही.

नंतर मी सेकंडहँड मोठा रेडिओ घेतला तो तुमच्याच ओळखीतून. तो माईक दाबून बोललं की बंद पडायचा, आणि त्यासाठी तुम्हाला यावंसुद्धा लागलं नाही. फोनवरच विचारलंत सप्लायपासून वायर कुठली टाकलीस. घरातल्या बल्बची, एक स्क्वेअर एमएम, चार मीटर. रेडिओच्या पाठीमागे मोजायला सांगितलंत: गप्प असताना १३.८, "हॅलो" म्हटलं की ११.५. पंधरा-एक अँपिअर त्या धाग्यातून ओढत होतो मी. सहा स्क्वेअरची, मीटरभर, दोन्ही वायरींना फ्यूज, विषय संपला.

आणि जूनमधली केबल. इथे माझीच चूक आहे हे लिहून ठेवतो, नाहीतर लोकांना वाटेल मी नुसती तुमची स्तुती करतोय. पाऊस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी बघितलं तर बँडच्या वरच्या टोकाला जो एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचा आकडा, कमी तेवढा चांगला) उन्हाळ्यात १.८ होता तो १.४ झालेला. मी खूश! तुम्हाला मेसेज टाकला की पावसाने अँटेना सुधारली. तुमचं उत्तर आलं, "कोल्हापूर काय म्हणता?" कोल्हापूर म्हणत होतं की तुझा आवाज विहिरीतून येतोय.

तुम्ही आलात, चिरा सोडून अँटेना खाली घेतली, अँटेनाकडचा कनेक्टर काढला आणि केबलचं टोक तसंच मोकळं ठेवून खिडकीतल्या टोकाला मीटर लावायला सांगितलंत. टोक मोकळं म्हणजे गेलेलं सगळं परत यायला हवं, मीटरने खूप मोठा आकडा दाखवायला हवा. दाखवला तीन. जाताना निम्मं केबलमध्ये मुरतंय, परत येताना उरलेल्याचं निम्मं, म्हणून परत येणारं कमी आणि म्हणून एसडब्ल्यूआर गोंडस. माझ्या पन्नास वॅटमधले पंचवीस त्या पंचवीस मीटर आरजी-५८ केबलला ऊब देत होते. अँटेनाच्या मधला, केबल जोडलेला प्लास्टिकचा डबा उघडला तर कपभर पाणी माझ्या पायावर. डब्याच्या तळाला भोक पाड हे तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं, मी एकदाही पाडलं नव्हतं, आणि कनेक्टरवर साधी काळी टेप. केबल सोलली तर तांब्याची जाळी काळी पडलेली, मी म्हटलं टोकाचं मीटरभर कापून टाकू, तुम्ही मधोमध सोललीत, तिथेपण ओली. जाळीतून पाणी वातीतल्या तेलासारखं चढत जातं म्हणालात.

तुम्ही तेव्हा एक शब्द बोलला नाहीत. ते जास्त लागलं.

आता जाड आरजी-२१३ केबल आहे, कनेक्टरवर ती ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर काळी, खिडकीच्या आधी केबलला खाली झोळ दिलाय म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं, डब्याला भोकं दोन (एक तुमच्यासाठी, एक माझ्यासाठी). केबल जड झाली तसा चिऱ्याचा तुकडापण मोठा बांधला. ढग गडगडले की केबल काढून बाहेर ठेवतो, हेही आता न सांगता करतो. मोकळ्या टोकाचं मोजमाप दर महिन्याला वहीत लिहितो, वही पुढच्या वेळी दाखवेन.

बिटएक्स परत द्यायला येत्या रविवारी वास्कोला यायचा विचार होता, पण आई म्हणते त्यांनाच चतुर्थीला बोलाव, नेवऱ्या करते. आणि काल ती बाजारातून नवीन माळ घेऊन आलीय, रंग बदलणारी, रिमोटवाली. पिशवीतून काढलीसुद्धा नाही अजून. म्हणते, आधी वायरलेसवाल्या काकांना येऊन बघू दे.

७३ (आम्हा हॅमवाल्यांच्या भाषेत शुभेच्छा),
तुमचा फोंड्याचा चेला