साल्वादोर बघितला, झोप लागेना

मन्या,

काल एकदाचा ऑलिव्हर स्टोनचा साल्वादोर पिक्चर बघितला रे, १९८६चा. त्याच वर्षी त्याचा व्हिएतनाम युद्धावरचा प्लाटून आला, ऑस्कर त्याला मिळालं आणि हा मागे पडला, पण मला हाच जास्त लागला. व्हिएतनाममधे अमेरिकन पोरं तरी मरत होती, इथे मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या यादवी युद्धात मरणारे जवळजवळ सगळे तिथलेच, आणि तिथल्या सरकारला अमेरिकेचा पैसा, बंदुका आणि लष्करी सल्लागार.

जेम्स वूड्सचा तो फोटोग्राफर बॉयल, दारुडा, खोटारडा, खिशात दमडी नाही, फोटो विकून चार पैसे मिळतील म्हणून तिथे जातो आणि मग एल प्लायोनला, जिथे मारलेली माणसं आणून टाकायचे, प्रेतांच्या ढिगाऱ्यात उभा राहून फोटो काढतो, तो सीन डोक्यातून जात नाहीये.

तिथले कॅथलिक धर्मगुरू आर्चबिशप रोमेरो, त्यांचा खून दाखवलाय तो मात्र खटकला. त्यांनी फेब्रुवारी १९८० मधे प्रेसिडेंट कार्टरना पत्र लिहून विनवलं होतं की आमच्या सरकारला लष्करी मदत देऊ नका, आणि २४ मार्चला प्रार्थना चालू असतानाच त्यांना गोळी घातली. पिक्चरमधे ते भरलेल्या कॅथेड्रलमधे दाखवलंय, खरं तर कॅन्सरच्या हॉस्पिटलातलं छोटंसं चॅपल होतं ते. तसंच दाखवायला हवं होतं यार, त्या शांततेतच जास्त भीती होती.

डिसेंबरमधे तिथल्याच नॅशनल गार्डच्या शिपायांनी चार अमेरिकन बायकांवर, तीन नन आणि एक मिशनरी, बलात्कार करून त्यांना मारलं, तेव्हा कार्टरनी मदत थांबवली. आणि जानेवारीत सरकारविरुद्ध लढणाऱ्या डाव्या बंडखोरांनी मोठा हल्ला केला की लगेच परत चालू! दीड महिनाही नाही झाला. पुढे १९९२ पर्यंत युद्ध चाललं, सुमारे ७५,००० माणसं गेली.

बंडखोरांनाही स्टोन सोडत नाही हे आवडलं मला, सांता आना शहरात ते पकडलेल्या सैनिकांना गोळ्या घालतात तेव्हा बॉयल त्यांच्यावरही ओरडतो.

पण शेवट रे. बॉयलची तिथली मैत्रीण मारिया आणि तिची पोरं कशीबशी अमेरिकेत पोचतात, बसमधे बसतात, मला वाटलं सुटले एकदाचे, आणि इमिग्रेशनवाले बस थांबवून त्यांना खाली उतरवतात. बंदुका पाठवणारा देश तोच ना, मग त्या बंदुकांपासून पळून आलेल्या बाईला दोन पोरांसकट परत पाठवायला निघतो? मी टीव्ही बंद करून कितीतरी वेळ तसाच बसून होतो.

तू बघ आणि बघून झाला की किती का वाजले असेनात, फोन कर.

तुझा,
बाळ्या