पांढऱ्यावर पांढरं

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, फोटो बघून तुम्ही म्हणालात, "हा तर अंड्यांचा ट्रे, वरून चुना फासलेला." फार चुकलं नाही. ट्रेही कागदाच्या लगद्याचा आणि फोटोतलं डच चित्रकार यान स्खोनहोवेनचं हे कामही पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रं आणि गोंद यांचंच, चौकोनी घरांच्या जाळीसारखं. पण फोटोत फ्लॅश समोरून पडलाय, तिथेच सगळं मेलं. या कामात रंग एकच, पांढरा. बाकी जे दिसतं ती सावली. समोरून उजेड आला की सावली गायब, मग उरतो तो ट्रेच.

उजेड बाजूच्या खिडकीतून आला की जाळीतलं एकच घर, म्हणजे एक चौकोनी खण, निरखून बघा. चार भिंती, चार वेगवेगळे राखाडी. खिडकीकडची भिंत आपल्याच सावलीत, समोरची लख्ख, वरखालच्या मधल्या छटेच्या. कोपऱ्यात कागदाची बारीक चुणी, वरची कड कुठे जाड, कुठे दबलेली. शेजारचं घर मापाने तेच, पण कड किंचित झुकलेली, म्हणून सावली निराळी. काही कामांत घराच्या तळाशी तिरपे उतारही असतात, तिथे तर दर तासाला चित्र बदलतं.

आई, तू या कामाच्या नावाचा अर्थ विचारलास. नावात काही शोधू नकोस. 'आर' म्हणजे रिलीफ, सपाट पाटीवर उठाव असलेलं काम, पुढे साल, मग अनुक्रमांक, कचेरीतल्या फायलीसारखं. स्खोनहोवेन होताच तसा. जन्म १९१४ चा, डेल्फ्टचा; १९९४ मध्ये गेला तोही तिथेच. हेगच्या कला अकादमीत शिकला, पण १९४६ पासून १९७९ पर्यंत डच टपाल-तार खात्यात नोकरी केली. चित्रकला संध्याकाळी आणि सुटीत, घरच्या टेबलावर. १९६७ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, दुसरं पारितोषिक मिळालं, त्यानंतरही बारा वर्षं ऑफिस सुटलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर डच चित्रकार कारेल आपेल आणि त्याच्या कोब्रा या चित्रकारांच्या गटाने रंग अक्षरशः थापले होते. पुढच्या काहींना तो आवेशच नकोसा झाला. १९६१ मध्ये आर्मान्डो, यान हेन्देरिक्से, हेंक पेटर्स आणि स्खोनहोवेन यांनी 'नुल' गट काढला. नुल म्हणजे शून्य. विषय नको, चित्राला मध्य नको, एक घर दुसऱ्यापेक्षा मोलाचं नको. गंमत अशी, की कलाकाराचा हात दिसू नये म्हणणाऱ्या या गटात स्खोनहोवेनचा हात मात्र प्रत्येक कडेला दिसतो. मला तर तो त्यामुळेच सगळ्यांत आवडतो.

बाबा, "हे कुणीही करेल" म्हणालात ना? मग घरी करून बघा. त्याची बरीच कामं मीटरभर लांबीरुंदीची आहेत, तुम्ही ३० सेंमीचा चौरस घ्या. खाली ६ मिमीचं प्लायवुड. २ मिमी पुठ्ठ्याच्या ३ सेंमी उंच, ३० सेंमी लांब दहा पट्ट्या कापा. प्रत्येकीवर दर ५ सेंमीवर दीड सेंमी खोल खाच, म्हणजे पट्टीला पाच खाचा. पाच पट्ट्यांच्या खाचा वर, पाचांच्या खाली. एकमेकींत अडकवा, जाळी प्लायवुडवर चिकटवा आणि बाहेरून चार भिंती चिकटवा. ३६ घरं होतात. खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच हवी. सैल झाली की जाळी तिरकी होते, घट्ट झाली की पट्टी फुगते.

मग वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या हाताने फाडा, कात्री नको. कापलेली कड रंगाखालूनही रेघेसारखी दिसते, फाटलेल्या कडेचे तंतू मिसळून जातात. फेविकॉल आणि पाणी समसमान मिसळून त्या जाळीवर चिकटवा. आई, तू टोपल्यांना लगद्यात मेथी घालायचीस ती इथे नको, पिवळट झाक येते. खळीतलं मोरचूदही नको. एका दिवशी एकच थर, तो खडखडीत वाळल्यावर दुसरा. घाई केली की पुठ्ठा भिजून भिंती बसतात आणि पावसाळ्यात आतून बुरशी धरते. प्लायवुडच्या पाठीलाही तेवढाच कागद लावा, नाहीतर वाळताना कागद एकाच बाजूने ओढतो आणि फळी होडीसारखी वाकते. नवशिक्यांचं काम बहुतेक इथेच बिघडतं.

शेवटी मॅट पांढरा इमल्शन, पातळ, दोन हात. पहिल्या हातानंतर छापील शाई राखाडी होऊन वर आली तर घाबरू नका, पूर्ण वाळू द्या. चकचकीत रंग मुळीच नको, प्रत्येक घरात दिवा चमकतो आणि सावली जाते. दाट रंगही नको, कोपरे भरून गोल होतात. तिसावं घर येतं तेव्हा हात कंटाळतो आणि कडा बिघडू लागतात. त्या कडा तशाच राहू द्या.

टांगायचं खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, खिडकीसमोर नाही. धूळ बसते ती प्रत्येक घराच्या खालच्या भिंतीवर. आई, तिथे ओलं फडकं लावू नकोस, डाग ओढले जातात. मऊ कोरडा ब्रश वरून खाली फिरव. आणि एखादं घर मळलं म्हणून तेवढंच रंगवू नका. जुन्या पांढऱ्याशेजारी नवा पांढरा लगेच ओळखू येतो, मग ३६ ही घरं रंगवत बसावं लागेल.

तुमची,
मनू